गणवेश उतरल्यानंतरची ४८ वर्षे

(माजी सैनिकांच्या कुटुंबमेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२८ जुलै २०१५ चा दिवस. दिल्लीच्या पालम विमानतळावर माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांचे पार्थिव आणले होते. आदल्या संध्याकाळी शिलाँगमध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलता बोलताच कलामसाहेब कोसळले होते आणि सारा देश शोकाकुल होता. अंत्यदर्शनासाठी राष्ट्राचे सर्वोच्च पदाधिकारी ओळीने येत होते. त्या ओळीत चाकांच्या खुर्चीत बसवून एका अतिशय वृद्ध शीख गृहस्थांना आणण्यात आले. वय वर्षे ९६. त्या वयात खुर्चीत बसूनच हात जोडले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पण पार्थिवासमोर येताच ते उठले, पाय सावरून उभे राहिले, आणि थरथरता उजवा हात कपाळाशी नेऊन त्यांनी सलामी दिली. दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र देशभरच्या वृत्तपत्रांत आले. ज्यांना या गृहस्थांचे नावही ठाऊक नव्हते अशा तरुणांनी ते कापून जपून ठेवले.

ते होते मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स अर्जनसिंग. १९६५ च्या युद्धातले आपले वायुसेनाप्रमुख. ही ओळख इतिहासाच्या पुस्तकात आहे. परंतु या सभागृहात पहिल्या रांगांमध्ये जी मंडळी बसली आहेत, ज्यांनी १५-२० वर्षे गणवेश अंगावर वागवला आणि मग तो घडी घालून कपाटात ठेवला, त्यांच्यापुढे अर्जनसिंगांच्या चरित्राची दुसरी बाजू मांडावी असे योजले आहे. एक साधा हिशेब बघा. १९३८ साली ते प्रशिक्षणाला गेले आणि १९६९ साली निवृत्त झाले. सेवेची वर्षे ३१. निवृत्तीनंतर ते जगले ४८ वर्षे! म्हणजे हुद्द्याशिवायचे, विमानाशिवायचे आयुष्य हुद्द्याच्या आयुष्यापेक्षा कितीतरी लांब होते. त्या ४८ वर्षांत या माणसाने काय केले आणि कोणाच्या सोबतीने केले, हा आजचा विषय. त्यासाठी आधीची ३१ वर्षेही पाहावी लागतील, कारण पालमवर जो हात उचलला गेला त्याला वळण तिथे लागले होते.

१५ एप्रिल १९१९ रोजी अर्जनसिंगांचा जन्म झाला तो लायलपूरला. चिनाबच्या कालव्यांनी ओसाड माळावर वसवलेले ते शहर; मध्यभागी घड्याळाचा मनोरा आणि त्या मनोऱ्यापासून आठ दिशांना फुटलेले आठ बाजार. याच लायलपूर जिल्ह्यातल्या बंगा गावी १२ वर्षे आधी हुतात्मा भगतसिंग जन्मले होते. आज त्या शहराला फैसलाबाद म्हणतात आणि ते पाकिस्तानात आहे. घराण्याचा पेशा घोडदळाचा. पणजोबा अफगाण मोहिमेत १८७९ साली धारातीर्थी पडले, आजोबा घोडदळात रिसालदार-मेजर झाले, वडीलही घोडदळातच. ती सेना इंग्रजांची होती, हे विसरण्याचे कारण नाही. पण बापाने मुलाला खोगीर सोपवावे आणि मुलाने ते नातवाला, ही परंपरा कोणा परक्या सत्तेने निर्माण केली नव्हती. ती पंजाबच्या मातीत गुरूंच्या काळापासून होती. चौथ्या पिढीत फक्त घोडा बदलला आणि त्याला पंख आले.

लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकत असताना, पट्टीचा पोहणारा म्हणून नाव मिळवलेला हा १९ वर्षांचा मुलगा इंग्लंडला क्रॅनवेलच्या वायुसेना महाविद्यालयासाठी निवडला गेला. १९३९ च्या डिसेंबरात तो अधिकारी होऊन परतला तेव्हा दुसरे महायुद्ध पेटले होते. पहिली नेमणूक वायव्य सरहद्दीवर, एक क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. तिथला एक प्रसंग आवर्जून सांगण्यासारखा आहे.

जुन्या दुपंखी विमानातून ते आणि त्यांचा गनर, गुलाम अली, टोळीवाल्यांच्या मुलखावरून उडत होते. खालून बंदुकीची गोळी लागली आणि विमान कोरड्या नदीपात्रात आदळले. अर्जनसिंगांचा चेहरा फुटला. दोन्ही बाजूंनी गोळ्या चालू होत्या; एकीकडे आपली फौज, दुसरीकडे टोळीवाले. गनर विमानातून उडी मारून धावत सुटला तो गोंधळून नेमका टोळीवाल्यांच्या दिशेने! रक्ताळलेल्या चेहऱ्याचा हा वैमानिक त्याच्या मागे धावला, त्याला पकडले आणि वळवून आपल्या बाजूला आणले. पंधरवड्यात दोघेही पुन्हा कामावर होते. नंतरच्या आयुष्यात सन्मान पुष्कळ मिळाले, परंतु त्यांच्या स्वभावाची किल्ली या कोरड्या नदीपात्रात आहे. आपल्याबरोबरचा माणूस चुकीच्या दिशेने पळत असेल तर आपण जीव वाचवून बसायचे नाही, त्याच्या मागे जायचे.

१९४४ साली जपानी सैन्य इम्फाळच्या दाराशी येऊन ठेपले. त्या वेळी एक क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व अर्जनसिंगांकडे होते, वय २५. हरिकेन विमानांतून ही तुकडी दिवसचे दिवस टेहळणी आणि हल्ले करत राहिली. इतर तुकड्या आल्या नि विश्रांतीला गेल्या, ही मात्र वर्षाहून अधिक काळ त्याच खोऱ्यात होती. आग्नेय आशियाचे सरसेनापती लॉर्ड माउंटबॅटन यांनी इम्फाळच्या रणभूमीवरच त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस दिला. लगेच दुसऱ्या वर्षी त्यांच्यावर लष्करी न्यायालयापुढे उभे राहण्याची पाळी आली, हेही सांगितले पाहिजे, कारण चरित्रनायकाला देव्हाऱ्यात बसवून त्याचे चुकणे झाकण्याची आपली खोड वाईट आहे. केरळात लोकवस्तीवरून त्यांनी विमान फार खालून नेले होते. एका शिकाऊ वैमानिकाची उमेद वाढावी म्हणून ते केले, असा त्यांचा बचाव होता. तो शिकाऊ वैमानिक म्हणजे पुढे वायुसेनाप्रमुख झालेले दिलबागसिंग, असे मानले जाते. तरुण रक्ताचा अविचार म्हणावा तर तो होताच. पण शिस्तीचा भंगही या मनुष्याने केला तो दुसऱ्याच्या उमेदीसाठी, हे मौजेचे आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीच्या आकाशात, लाल किल्ल्यावरून, शंभराहून अधिक विमानांनी स्वतंत्र भारताला मानवंदना दिली. त्या संचलनाच्या अग्रभागी अर्जनसिंग होते. खाली लाखोंचा जनसमुदाय आनंदाने वेडा झाला होता. त्याच दिवसांत त्यांचे लायलपूर रॅडक्लिफच्या रेषेपलीकडे गेले. उंचावरून नव्या देशाला सलामी द्यायची आणि जन्मगाव परदेश झालेले सोसायचे, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला एकाच आठवड्यात आल्या. यावर त्यांनी आयुष्यभर कुठे आक्रोश केल्याचे ऐकिवात नाही.

१९४८ साली त्यांचा तेजी यांच्याशी विवाह झाला. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण वीरपुरुषांच्या व्याख्यानांत पत्नीचे नाव एका वाक्यात येते आणि जाते. हा संसार ६३ वर्षे चालला. एक मुलगा, दोन मुली. अंबाला, दिल्ली, पुन्हा दुसरे ठाणे. आज इथे, दोन वर्षांनी तिथे. लष्करी गृहिणीचा संसार म्हणजे काय असतो हे या सभागृहातल्या भगिनींना वेगळे सांगायला नको. मुलांची शाळा दर बदलीला नवी, सामानाच्या पेट्या अर्ध्या उघडलेल्या, आणि विमानाचा आवाज वेळेवर परत आला नाही की स्वयंपाकघरात हात थांबतात. शिखांच्या गुरुपरंपरेने संसार टाकून रानात जाण्याला मोठेपण दिले नाही. घरात राहून, कष्टाचे खाऊन, वाटून खाण्याला दिले. आपल्या पंढरपूरच्या नामदेवमहाराजांची पदे श्री गुरू ग्रंथसाहिबात आदराने विराजमान आहेत, आणि नामदेवही शिंप्याचा व्यवसाय करणारे संसारी गृहस्थच होते. अर्जनसिंग या परंपरेतले. शस्त्र आणि संसार हे दोन वेगळे मार्ग आहेत असे तिथे कोणी मानत नाही.

१ ऑगस्ट १९६४ ला ते वायुसेनाप्रमुख झाले. वय ४५. बासष्टच्या पराभवाची जखम ताजी होती. त्या युद्धात आपल्या लढाऊ विमानांना हल्ल्यासाठी उडूच दिले गेले नव्हते. संरक्षणमंत्रिपदी महाराष्ट्रातून गेलेले यशवंतराव चव्हाण होते आणि सेना उभी करण्याचे काम चालू होते. वर्ष उलटून महिना झाला तोच परीक्षा आली.

१ सप्टेंबर १९६५. पहाटे पाकिस्तानने छांब क्षेत्रात पॅटन रणगाड्यांसह मुसंडी मारली. लक्ष्य होते अखनूरचा पूल. चिनाबवरचा तो पूल पडला असता तर राजौरी-पूंछकडे जाणारी आपली वाट तुटली असती. दुपारपर्यंत स्थिती इतकी बिकट झाली की चारच्या सुमारास भूदलप्रमुख जनरल चौधरी आणि अर्जनसिंग यशवंतरावांच्या दालनात पोहोचले. वायुसेना वापरायची की नाही? वापरली तर लढाई वाढणार, हे सर्वांना दिसत होते. यशवंतरावांनी काही मिनिटांतच परवानगी दिली. विमाने उडायला किती वेळ लागेल, असे विचारल्यावर अर्जनसिंगांनी एक तास सांगितला. पाच वाजून गेल्यावर, तो तास पुरता भरला की नाही अशा वेळी, पठाणकोटहून पहिली विमाने उडाली.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण त्या एका तासाच्या आत काय होते ते क्वचितच सांगितले जाते. जवळ असलेली व्हॅम्पायर विमाने जुनी होती, शत्रूच्या सेबरपुढे मंद होती. संध्याकाळ होत आली होती. खाली आपले नि त्यांचे सैन्य सरमिसळ झाले होते. हे सर्व त्या दालनात सर्वांत जास्त कोणाला ठाऊक असेल तर ते अर्जनसिंगांना, कारण तेच त्या दालनातले एकमेव वैमानिक होते. तरी त्यांनी तास मागितला, दिवस मागितला नाही. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर परतली नाहीत. त्या दिवसानंतर ती विमाने आघाडीवरून मागे घेण्यात आली. अखनूर मात्र वाचले. तीन मुलांचा बाप असलेला हा सेनापती त्या रात्री घरी गेला असेल तेव्हा त्याच्या मनात काय असेल, याचा तर्क करण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु पुढे चार दशकांनी त्याने जे केले त्याचा धागा इथे असावा, असे मानायला जागा आहे.

त्यानंतरचे तीन आठवडे सर्वांना परिचित आहेत. ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांनी चिमुकल्या नॅट विमानातून सेबरशी झुंज दिली आणि त्यांना वीरचक्र मिळाले; त्यांचे बंधू डेन्झिल यांनीही त्याच युद्धात वीरचक्र मिळवले. उणिवाही होत्या. ६ तारखेला पठाणकोटच्या धावपट्टीवर उभी असलेली आपली दहा विमाने शत्रूने जाळली. भूदल आणि वायुसेना यांनी युद्धाची योजना जितकी एकत्र बसून आखायला हवी होती तितकी आखली नव्हती, हे आता इतिहासकारांनी मोकळेपणाने लिहिले आहे आणि त्यातून अर्जनसिंगांना वगळण्याचे कारण नाही. सेनापतीचे मोठेपण पठाणकोटनंतर दिसले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची विमाने सरगोध्यावर होती.

सरगोध्याला जाणाऱ्यांत एक क्रमांकाची स्क्वाड्रनही होती, इम्फाळची तीच तुकडी. तिच्यातले स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या हे राखीव वैमानिक होते, प्रत्यक्ष तुकडीत नव्हते. तरी निघाले, आणि परतले नाहीत. त्यांचे काय झाले हे कोणाला कळले नाही. सरकारी कागदावर ते बेपत्ता. पुढे १९७९ साली एका ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकामुळे उलगडा होऊ लागला, की आपल्या मिस्टेरपेक्षा कितीतरी वेगवान असलेल्या स्टारफायटरशी देवय्यांनी झुंज घेतली, ते पाडले आणि स्वतः शत्रूच्या भूमीवर पडले. १९८८ मध्ये, २३ वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र जाहीर झाले आणि ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले. २३ वर्षे त्या घरात त्या माउलीने काय उत्तर दिले असेल मुलींना?

याच युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात, युद्धविरामाच्या तोंडावर, जनरल करिअप्पांचे चिरंजीव वैमानिक म्हणून शत्रूच्या हाती सापडले. पाकिस्तानचे अयूबखान हे फाळणीपूर्वी करिअप्पांच्या हाताखाली राहिलेले. त्यांनी मुलाला सोडण्याची तयारी कळवली. करिअप्पांनी कळवले की सारेच कैदी आपले पुत्र आहेत, एकट्याला वेगळी वागणूक नको. मुलगा इतरांबरोबरच परत आला. सैनिकी कुटुंब हा शब्द आपण सहज वापरतो; त्याचा अर्थ इतका कठोर आहे.

त्या वर्षी अर्जनसिंगांना पद्मविभूषण मिळाले. १९६६ च्या जानेवारीत वायुसेनाप्रमुखाचे पद एअर चीफ मार्शलच्या दर्जाचे झाले आणि तो दर्जा मिळणारे ते पहिले. साठहून अधिक प्रकारची विमाने त्यांनी चालवली आणि प्रमुख असतानाही अखेरपर्यंत स्वतः उडत राहिले. १९६९ च्या जुलैत ते निवृत्त झाले. वय अवघे ५०.

पन्नाशी! आज ज्या वयात मनुष्य मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडत असतो त्या वयात देशाच्या वायुसेनेचा प्रमुख घरी बसला. आणि जवानांचे काय? त्यांचा गणवेश तर पस्तिशी-चाळिशीतच उतरतो. मुले प्राथमिक शाळेत, आईवडील थकलेले, हाती मर्यादित निवृत्तिवेतन, आणि समोर अर्धे आयुष्य. काल ज्याच्या हाती तोफ होती तो आज बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा असतो, आणि आत जाणारा त्याच्याकडे बघतही नाही. ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ या न्याय्य मागणीसाठी २०१५ साली म्हाताऱ्या सैनिकांना, अंगावर पदके लावून, दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. मागणी त्याच वर्षी मान्य झाली, हे चांगले झाले. पण तिच्यासाठी दशके जावी लागली. फील्ड मार्शल माणेकशा यांना त्यांच्या हुद्द्याच्या वेतनाची थकबाकी मिळाली ती २००७ साली, मृत्यूच्या साधारण एक वर्ष आधी, रुग्णालयात. युद्ध चालू असताना ज्यांच्यासाठी आपण ओवाळण्या तयार ठेवतो, युद्ध संपल्यावर त्यांच्या अर्जावर आपणच धूळ बसू देतो.

अर्जनसिंगांची पुढची वर्षे वरवर पाहता मानाची होती. १९७१ पासून स्वित्झर्लंडमध्ये राजदूत, १९७४ पासून केनियात उच्चायुक्त, १९८९-९० मध्ये दिल्लीचे नायब राज्यपाल. राजदूताच्या घरचे निम्मे काम गृहिणी करते; पाहुण्याला भारत कसा वाटतो हे पुष्कळदा तिच्या पंगतीवर ठरते. तेजी यांनी तेही केले. दिल्लीत स्थिरावल्यावर अर्जनसिंग गोल्फ खेळत, वायुसेनेच्या कार्यक्रमांना जात, तरुण अधिकाऱ्यांना भेटत. ते आत्मप्रौढीच्या मुलाखती देत बसले नाहीत, राजकारणाच्या आखाड्यातही उतरले नाहीत. पदे आली तशी स्वीकारली आणि गेली तशी जाऊ दिली.

२००२ च्या जानेवारीत, वयाच्या ८२ व्या वर्षी, राष्ट्राने त्यांना ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’ हा पंचतारांकित हुद्दा दिला. भूदलात माणेकशांना १९७३ मध्ये आणि करिअप्पांना १९८६ मध्ये फील्ड मार्शलपद मिळाले होते. वायुसेनेत हा मान मिळालेले अर्जनसिंग एकटेच. या हुद्द्याचा नियम असा, की तो धारण करणारा कधी निवृत्त होत नाही. म्हणजे ३३ वर्षे नागरिक म्हणून राहिलेला माणूस पुन्हा सैनिक झाला, तो कायमचा. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते राष्ट्रपती भवनात तो समारंभ झाला.

आता जे सांगायचे आहे त्यासाठी हा सगळा पट उलगडला. दिल्लीजवळ या दांपत्याची शेतजमीन होती. ज्याचे जन्मगाव फाळणीत गेले त्या पंजाबी माणसाला जमीन म्हणजे काय असते, हे सांगायला नको. जमीन ही त्याची बँक नसते, ती त्याची ओळख असते. आणि दिल्लीजवळच्या जमिनीला २००० नंतरच्या काळात सोन्याचा भाव येत चालला होता. थांबले असते तर मुलानातवंडांसाठी घबाड झाले असते. त्या वयात, पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर, अर्जनसिंगांनी ती जमीन विकली आणि दोन कोटी रुपयांचा निधी वायुसेनेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या कल्याणासाठी न्यास करून देऊन टाकला. २००४ सालची ही गोष्ट. न्यास एकट्याच्या नव्हे, पतिपत्नी दोघांच्या नावाने होता.

इथे कोणी म्हणेल, मोठ्या माणसाने मोठे दान दिले, त्यात काय? त्यात हे की घरातल्या जमिनीचा असा निर्णय एकटा पुरुष घेऊ शकत नाही, निदान ज्या घरात पत्नीला मान आहे त्या घरात तरी नाही. विकायच्या कागदावर सही एकाची असेल, पण तो निर्णय रात्री जेवणानंतर दोघांनी बसून घेतलेला असतो. मुलांनी ‘आमचे काय’ असे विचारले असते तर तो तिथेच अडला असता. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधावरच्या आंब्यासाठी कोर्टात तीन पिढ्या जातात, हे डोळ्यांसमोर आणले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. कुटुंबवत्सल माणूस कोणाला म्हणावे? जो घरासाठी साठवतो त्याला, हे उत्तर आपण शिकलो आहोत. या घराने आपल्या घराची सीमाच थोडी पुढे सरकवली. ज्याने कोणे काळी नदीपात्रात चुकीच्या दिशेने पळणाऱ्या गनरला वळवून आणले, त्याला आयुष्याच्या संध्याकाळी हवाई तळांवरचे ते अनाम कारागीर, शिपाई, विमानाची चाके पुसणारे, म्हातारे झालेले दिसत होते. व्हॅम्पायरसाठी त्या एका तासात इंधन भरणारे हातही त्यांतच होते.

२०११ साली तेजी गेल्या. ६३ वर्षांची सोबत सुटली. त्यांच्यामागे अर्जनसिंग सहा वर्षे राहिले. शरीर खंगत गेले, चाकांची खुर्ची आली, परंतु वायुसेनेचा कार्यक्रम असला की फेटा नीट बांधून ते हजर असत. १५ एप्रिल २०१६ ला, त्यांच्या ९७ व्या वाढदिवशी, बंगालमधील पानागढच्या हवाई तळाला त्यांचे नाव देण्यात आले. एखाद्या हयात व्यक्तीचे नाव वायुसेनेच्या तळाला प्रथमच दिले जात होते.

१६ सप्टेंबर २०१७ ला सकाळी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच संध्याकाळी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. वय ९८. छांबच्या त्या संध्याकाळीला त्या वेळी ५२ वर्षे होऊन १५ दिवस झाले होते.

१८ तारखेला दिल्ली छावणीतील ब्रार स्क्वेअरवर संपूर्ण लष्करी इतमामात अंत्यविधी झाला. राजधानीतले ध्वज अर्ध्यावर उतरवले होते. १७ तोफांची सलामी झाली. मग दुरून आवाज आला आणि सारे वर पाहू लागले. सुखोई विमानांची तुकडी येत होती, आणि तिच्या रचनेत एक जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती.